अ‍ॅम्स्टरडॅम, चार अक्षरं आणि एक पिवळा कागद

बुधवार

विमानात माझे ओठ हलताना बघून शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “कोणतं स्तोत्र म्हणतेस गं?” त्या आइंडहोवनला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. मी म्हटलं, स्तोत्र नाही, भाषण आहे. चाळीस मिनिटांचं. “बाई गं,” त्या म्हणाल्या, आणि पुढचे दोन तास त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं, पाठांतरात व्यत्यय नको म्हणून.

वेब डेव्हलपमेंटची दोन दिवसांची परिषद, आणि त्यात माझा टॉक, ‘अक्षर म्हणजे नक्की किती?’. संगणकाला देवनागरीतलं एक अक्षर हे एक अक्षर वाटत नाही आणि त्यामुळे वेबसाइटवर काय काय गमती होतात, हा विषय. पुण्यात ऑफिसमधल्या लोकांसमोर दोनदा रंगीत तालीम केली होती. दोन्ही वेळा “मस्त झालं” एवढंच ऐकायला मिळालं. पुणेरी स्पष्टवक्तेपणाचं कौतुक सगळीकडे आहे, पण तो दारावरच्या पाटीपुरता. माणूस समोर उभा राहिला की आम्हीही “छान झालं हो” म्हणून मोकळे होतो.

उतरलो ते समुद्रसपाटीच्या तीन-एक मीटर खाली. स्खिपोल विमानतळ हार्लेमरमेर नावाच्या सरोवराच्या तळावर आहे. ते सरोवर वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली कोरडं केलं. तिथून आगगाडीनं पाव तासात शहराचं मुख्य स्टेशन. बाकी दिवस झोप आवरण्यात गेला. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, पडदे ओढले तरी मन मानत नाही.

गुरुवार

स्टेशनच्या मागच्या दारानं बाहेर पडलं की समोर पाणी आणि पलीकडे जायला फुकट फेरीबोट. लोक सायकलीसकट चढतात, कोणी तिकीट विचारत नाही. पाण्याचं नाव ‘एय’. पाटीवर मात्र ते रोमनमधल्या आय आणि जे या दोन अक्षरांनी लिहिलेलं, आणि दोन्ही कॅपिटल. पुढे एका दुकानाच्या पाटीवरही शब्दाची पहिली दोन अक्षरं कॅपिटल दिसली. रंगाऱ्याची चूक असेल म्हणून मी सोडून दिलं. हे लक्षात ठेवा, शुक्रवारी लागणार आहे.

परिषद होती एनडीएसएम या जुन्या जहाजबांधणीच्या आवारातल्या एका शेडमध्ये. प्रत्येक दालनाच्या दाराशी पत्त्यांएवढ्या कागदांचे तीन गठ्ठे, हिरवा, पिवळा आणि लाल. टॉक संपला की बाहेर पडताना एक कागद उचलायचा आणि खोक्यात टाकायचा. हवं तर मागे काही लिहायचं. शिवाय ईमेलनं फॉर्म येणार. पाच तारे आणि दोन रिकाम्या चौकटी. काय आवडलं, काय बदलावं.

पहिला टॉक सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या, कंटेनर क्वेरीजवर. या बाईंनी स्लाइड्स आणल्याच नव्हत्या. ब्राउझर उघडला, अक्षर एवढं मोठं केलं की शेवटच्या रांगेतल्या माणसानं चष्मा काढून ठेवावा, आणि एकच कार्ड घेऊन त्याची पेटी लहान-मोठी करत राहिल्या. पूर्वी पानाची रुंदी बघून मांडणी बदलायची, आता त्या घटकाला स्वतःच्या घराची रुंदी विचारता येते. हे मला माहीत होतं, वापरतेही. पण कशासाठी वापरते ते त्या दिवशी नीट कळलं. हिरवा कागद, मनापासून.

दुसरा टॉक एका तरुण मुलाचा. तो स्टेजवर थेट कोड लिहिणार होता. काळ्या पडद्यावर करडी अक्षरं, आणि तीही मुंग्यांएवढी. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा, हा नियम त्या दालनातल्या निम्म्या लोकांनी कुणा ना कुणाला ऐकवलेला असेल. तरी एकानंही हात वर करून “दिसत नाहीये” म्हटलं नाही. मीही नाही. मग बाराव्या मिनिटाला काहीतरी इन्स्टॉल होईना. तो घामाघूम झाला, लोक हसले, एकानं धीर देण्यासाठी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. बाहेर पडताना खोक्यात डोकावले तर सगळे हिरवे. माझाही.

जेवण म्हणजे पाव, चीज, आणि पेल्यात दूध. दूध म्हणून मोठा घोट घेतला, ते निघालं ताक. कार्नेमेल्क म्हणतात. मीठ नाही, जिरं नाही, पण ताक ते ताक, मी दुसरा पेला आणला. टेबलावर गेंटहून आलेल्या एक बाई होत्या, टॉक निवडणाऱ्या समितीतल्या. मी विचारलं, या रंगीत कागदांचं तुम्ही करता काय?

“हिरवे मोजतो आणि फेकून देतो,” त्या म्हणाल्या. “हिरवा म्हणजे माणूस सभ्य होता. पिवळा म्हणजे आवडलं नाही. आणि लाल म्हणजे एवढा राग आला की सभ्यपणा विसरला.” मग पावावर लोणी लावत त्यांनी डॉक्टर फॉक्सची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवट माहीत होती. १९७० साली अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ बनवून वैद्यकशिक्षणातल्या तज्ज्ञांसमोर उभं केलं. विषय होता गणितातल्या गेम थिअरीचा डॉक्टरांच्या शिक्षणात उपयोग. नटाला त्यातलं काही येत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, बनवलेले शब्द, अधूनमधून विनोद, असा ऐवज त्यानं झोकात सादर केला आणि प्रश्नोत्तरंही निभावली. श्रोत्यांनी फॉर्म भरले, बहुतेक कौतुकाचे. १९७३ मध्ये त्यावर निबंध छापून आला.

“म्हणून मी तारे बघत नाही,” बाई म्हणाल्या. “मी क्रियापदं बघते. ‘आवडलं’ हे काही उपयोगाचं क्रियापद नाही. ‘दिसलं नाही’, ‘हरवलो’, ‘घरी जाऊन करून बघितलं’, ही उपयोगाची.”

जेवणानंतरचा टॉक कॅशिंगवर, म्हणजे एकदा आणलेली माहिती पुन्हा वापरायला साठवून ठेवण्यावर, होता. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, पण शरीर कुठल्याच देशाचं राहिलं नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांनंतरचं मला काहीच आठवत नाही. टाळ्यांनी जाग आली. उठले आणि हिरवा कागद टाकून बाहेर आले.

संध्याकाळी वक्त्यांचं जेवण. तिथे एका जर्मन गृहस्थांनी दालनात बसलेल्या लोकांचा अंदाज किती चुकतो यावर अर्धा तास घेतला, पण मजा आली. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेच्या परिषदेत, रायन डालनं नोड ही ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायची सोय दाखवली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो अंदाज बरोबर ठरला म्हणावं, तर त्याच डालनं २०१८ मध्ये त्याच बर्लिनच्या परिषदेत येऊन नोडबद्दल वाटणाऱ्या दहा पश्चात्तापांची यादी वाचली. आणि रिॲक्ट, वेबपानं रचायचं ते साधन? मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जेएसकॉन्फला ते जगासमोर आलं तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये पानाची रचना सांगणारं एचटीएमएल कालवलेलं बघून लोकांनी नाकं मुरडली. आता नोकरीच्या जाहिरातीत ते नसलं तर आश्चर्य वाटतं. “म्हणजे नाकं मुरडणारे मूर्ख होते?” मी विचारलं. “नाही हो,” ते म्हणाले, “त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. पुढचं दिसत नव्हतं, एवढंच.”

मला झोपायला हवं होतं. रात्री एक वाजेपर्यंत स्लाइड्सचे रंग बदलत बसले.

शुक्रवार

माझा टॉक अकरा वीसला. दीडशेएक लोक असावेत.

सुरुवात ‘ज्ञानेश्वर’ या नावानं केली. आपल्या हिशेबी अक्षरं चार, ज्ञा, ने, श्व, र. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती दहा सांगते, कारण ती ज, हलन्त, ञ, काना असं सुटं सुटं मोजते. मग वेबसाइट नावाच्या पहिल्या ‘अक्षरा’चा गोल बिल्ला बनवते तेव्हा ज्ञानेश्वरच्या नशिबी येतो नुसता ‘ज’. स्मिताचा ‘स’, श्रीकांतचा ‘श’. मर्यादेत बसवायला नाव कापलं तर शेवटी पाय मोडका ‘क्’ लोंबकळत राहतो. मग अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची डिझायनर लोकांची हौस, त्यात शिरोरेषा तुटते आणि शब्दाची दातपाडी होते. ओळींची उंची आवळली की रफार आणि वेलांट्या वरून छाटल्या जातात. उपाय आहे. ब्राउझरमध्ये मजकुराची अक्षरं नीट पाडून देणारी इंटल-सेगमेंटर नावाची सोय आहे, क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये मात्र २०२४ उजाडलं. एकानं विचारलं, हे सगळीकडे सारखं चालतं का? नाही. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकात मांडायच्या प्रमाण पद्धतीच्या, १५.१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधीचे ब्राउझर ‘क्ष’चेही दोन तुकडे करतात.

चार मिनिटं जास्त घेतली. टाळ्या पडल्या. खोकं माझ्या अंदाजानं हिरवंगार होतं. स्वयंसेवक मुलीनं मोजून सांगितलं, हिरवे ९४, पिवळे ७, लाल १.

दाराशी एक मुलगा थांबला होता. नाशिकचा, आता अ‍ॅम्स्टेलवेनला असतो. “ताई, एकदम भारी झालं,” तो मराठीत म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा मराठी ऐकलं, तरी मी त्याला सोडला नाही. म्हटलं, भारी सोड, काय चुकलं ते सांग. तो पायाकडे बघायला लागला. मग म्हणाला, “ताई, राग मानू नका. माझ्या शेजारी एक पोलिश बाई होत्या. तुम्ही तुटलेली शिरोरेषा दाखवली ना, तेव्हा त्यांनी मला विचारलं, यातली चूक कोणती आणि बरोबर कोणती?”

पिवळ्या कागदांपैकी सहा कोरे होते. सातव्यावर मागे बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, “‘इथे तुम्हाला दिसतंच आहे’ असं तुम्ही सहा वेळा म्हणालात. मला एकदाही दिसलं नाही.”

मी तो कागद घेऊन शेडच्या बाहेर क्रेनखाली जाऊन बसले. सहा वेळा. कोणीतरी मोजलं होतं. छाटलेला रफार मला दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखा टोचतो. म्हणून बाण काढायची, रंग द्यायची गरजच वाटली नव्हती. समोरच्यांना दोन्ही बाजूंना सारख्याच सुंदर, अगम्य रेघोट्या दिसत होत्या. आणि पुण्यात दोनदा तालीम करूनही हे कळलं नसतं, कारण तिथे सगळ्यांना दिसतच होतं.

लाल कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो कोणी टाकला आणि का, हे कोडं मी घरी घेऊन आले आहे.

दुपारचे टॉक ऐकले, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. गंमत झाली परतीच्या बोटीवर. सायकलींच्या गर्दीत माझ्या पाठीमागे दोघीजणी इंग्रजीत बोलत होत्या. “त्या भारतीय बाईचा टॉक बघितलास?” मी पाण्याकडे तोंड करून कान मागे लावले. “चांगला होता, पण मला वाटत राहिलं, हा त्यांचा प्रश्न आहे, माझा नाही.” दुसरी म्हणाली, “तुझा कसा नाही? माझ्या मामाचं नाव एइसब्रांट. बँकेपासून ग्रंथालयापर्यंत सगळीकडे त्याच्या बिल्ल्यावर नुसता आय येतो.”

मी वळलेच. त्या दोघी आधी लाल झाल्या, मग हसल्या, आणि बोट पलीकडे लागेपर्यंत मला डचमधलं जोडाक्षर शिकवत राहिल्या. आय आणि जे मिळून त्यांच्यात एकच अक्षर मानतात, म्हणून शब्दाच्या सुरुवातीला दोन्ही कॅपिटल. भाषा डच आहे असं पानाला सांगितलं तर फायरफॉक्सला ही जोडी जोडीनंच कॅपिटल करायचं कळतं. मी सकाळ-संध्याकाळ ज्या पाण्यावरून जात होते त्याचंच नाव त्या अक्षराचं. पाटीचा रंगारी निर्दोष सुटला.

शनिवार

मोकळा दिवस. लोक संग्रहालयांत जातात, मी सायन्स पार्क स्टेशनला उतरले. सीडब्ल्यूआय ही गणित आणि संगणकशास्त्राची संस्था इथे आहे. इथे नोकरीला असतानाच गीडो व्हान रोसमनं १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथन ही प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतली, ऑफिस बंद म्हणून घरच्या संगणकावर. त्याच्या आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १९८८ ला, ही संस्था अमेरिकेच्या एनएसएफनेट या संगणक-जाळ्याला जोडली गेली आणि युरोपात इंटरनेट आलं ते या दारानं. शनिवार असल्यामुळे दार बंद. एका सशाशिवाय कोणी भेटलं नाही.

मग शहरात परत, दुसऱ्या बुरहावे रस्त्यावर. तिथल्या ४९ नंबरच्या इमारतीत पूर्वी हीच संस्था ‘मॅथेमॅटिकल सेंटर’ नावानं होती आणि नामवंत संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा १९५२ पासून तिथे प्रोग्रामर होता. १९५७ मध्ये लग्नाची नोंद करताना त्यानं व्यवसाय ‘प्रोग्रामर’ सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून अधिकाऱ्यांनी तो घेतला नाही. शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ लिहावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून थकल्यावर एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी पिता पिता त्यानं सर्वांत जवळचा रस्ता शोधायची रीत वीस मिनिटांत रचली, कागद-पेन्सिलीशिवाय. आज नकाशाचं कुठलंही ॲप तिच्याच नातेवाइकांवर चालतं.

मला मात्र त्या दिवशी दुसरा डाइकस्ट्रा आठवत होता. हा माणूस शाईच्या पेनानं टिपणं लिहायचा, त्यांना ईडब्ल्यूडी असं आद्याक्षरांचं नाव आणि क्रमांक द्यायचा आणि झेरॉक्स काढून मित्रांना पाठवायचा. अशी तेराशेहून जास्त टिपणं आहेत, आणि त्यांत बरीच चक्क प्रवासवर्णनं. कुठल्या परिषदेला गेलो, कोण काय बोललं, ते कसं वाटलं. भीडभाड नाही. ज्याचं व्याख्यान रटाळ झालं त्याचं रटाळ असंच लिहिलेलं. हिरवे कागद त्याच्या दाराशी ठेवले असते तर तसेच राहिले असते.

कोपऱ्यावरच्या कॅफेत बसले, तोच तो ओटा असं मनाशी ठरवून, आणि ईमेलनं आलेले माझे फॉर्म उघडले. एकोणीस जणांनी भरले होते. सरासरी ४.३. एकानं तीन तारे देऊन लिहिलं होतं, कॉफी थंड होती. एकाला वाटलं होतं की इमोजीबद्दल असेल, नव्हतं, म्हणून दोन. (टॉकच्या वर्णनात मीच इमोजीचा उल्लेख केला होता, विसरले होते. दोन तारे वाजवी आहेत.) सहा जणांनी लिहिलं, “ग्रेट टॉक!”. एकानं लिहिलं की फार भरभर बोलता आणि दर पाच मिनिटांनी ‘सॉरी’ म्हणता. आणि एका तुर्की माणसानं चौकट भरून लिहिलं होतं की त्यांच्या भाषेत टिंबाच्या आयचं कॅपिटल करतानाही टिंब राखायचं असतं, ते राखलं नाही की काय काय होतं, आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर नावं कापणारा कोड आधी तपासणार आहे.

गेंटच्या बाईंची क्रियापदं. ‘तपासणार आहे’.

तेवढ्यात मावशीचा फोन. “कसं झालं गं भाषण?” मी म्हटलं, एकाला अजिबात दिसलं नाही, एकाला माझ्या भरभर बोलण्याचा त्रास झाला, आणि एक एवढा रागावला की लाल कागद टाकून गेला. “असू दे हो,” मावशी म्हणाली, “तिकडच्या लोकांना काय कळतंय.”

रविवार

सकाळी हॉटेलात ती स्लाइड नव्यानं केली. आधी एयची पाटी, मग एइसब्रांटमामांचा अर्धा बिल्ला, आणि त्यानंतर ज्ञानेश्वर. चूक तिथे लाल वर्तुळ. ‘इथे दिसतंच आहे’ हे वाक्य नोट्समधून सहाही ठिकाणी खोडलं. इमोजीची एक ओळ टाकली. सॉरीचं काही करता आलं नाही, ते स्लाइडवर नसतं.

विमान दुपारचं होतं. स्खिपोलला गेटपाशी बसल्यावर आठवलं, मी ऐकलेल्या टॉक्सचे फॉर्म भरायची मुदत आज रात्रीपर्यंतच. कंटेनर क्वेरीजच्या बाईंना लिहिलं की मी उद्या कुठली फाइल बदलणार आहे. थेट कोड लिहिणाऱ्या मुलाच्या फॉर्मवर बराच वेळ गेला. आधी लिहिलं ‘छान प्रयत्न’. खोडलं. मग लिहिलं की सातव्या रांगेतून करडी अक्षरं वाचता येत नव्हती, पार्श्वभूमी पांढरी कर, अक्षर दुप्पट कर, इन्स्टॉल करायचं ते घरून करून आण, आणि मी तेव्हाच हात वर करायला हवा होता, केला नाही. पाठवताना बोट अडखळलं, पण पाठवलं.

बोर्डिंगची रांग लागली तेव्हा एकच फॉर्म उरला होता, कॅशिंगचा. तारे भरल्याशिवाय तो पुढे जात नव्हता, म्हणून मधले तीन भरले आणि खालच्या चौकटीत लिहिलं, “मी पाचव्या मिनिटाला झोपले. यात तुमची चूक नाही, पुण्याहून आले होते. माझा हिरवा कागद कृपया मोजू नये.”